नापासांना आधी प्रवेश!

निकाल घेऊन घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न काय असतो? "किती पडले?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "अन् शेजारच्या बंड्याला?" झालं! ७२ टक्क्यांचा पेढा तोंडातच कडू होतो. गुण तेवढेच, मग बिघडलं कुठं?

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे चेहरे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी चित्रफितीवरून तपासले. रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले जास्त खुशीत दिसले! दुसरा आला तो हुकलेल्या सुवर्णाकडे बघत होता. तिसरा म्हणत होता, "चला, पदक तर मिळालं!"

आणखी एक गंमत. सचिन तेंडुलकरचा आपल्याला हेवा वाटत नाही, बाकावरच्या मित्राचा मात्र वाटतो. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच सांगितलं होतं, की माणूस स्वतःला मोजायला आपल्यासारखाच कुणीतरी शोधतो. यात सगळंच वाईट नाही, बरं का! वेगानं पळणारा सोबत असला की आपलेही पाय उचलतात. पण रोज दुसऱ्याच्याच पट्टीनं मोजलं, तर पाय उचलायचंच राहून जातं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. हे गाव पाणी अडवण्यासाठी सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला तिथली शाळा जास्त आवडते. इतर शाळा टक्के बघून प्रवेश देतात, मग नापास झालेल्यांनी जायचं कुठं? अण्णा हजारे आणि गावकऱ्यांनी उलटंच केलं. नापास झालेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी आधी प्रवेश दिला. राहायला वसतिगृह, पहाटे उठणं, व्यायाम, मग अभ्यास.

विचार करा, दोनदा नापास झालेला मुलगा तिथं येतो. शेजारी झोपणाराही नापास! "बघ, तो कसा पास झाला," असं म्हणायला कुणी उरतच नाही. मग मोजायचं कशाशी? काल गणित कुठं अडलं होतं आणि आज कुठवर आलं, एवढ्याशीच. अशी कितीतरी मुलं तिथून दहावी पास होऊन बाहेर पडली.

तुमची जूनमधली वही घरात असेलच. तिचं पहिलं पान आजच्या पानाशेजारी ठेवा आणि दोन्हींतल्या चुका मोजा. आणि आईबाबा, तेवढ्या वेळात बंड्याची वही मागायला जाऊ नका हं!