जुन्या वाड्याच्या भिंती आणि उन्हाळा

पुण्यातील जुन्या वाड्यांच्या जाड, मातीविटांच्या भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेतात आणि रात्री उशिरा सोडतात. उष्णता साठवण्याच्या या गुणाला औष्णिक धारणक्षमता म्हणतात. अशा भिंतींवर दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा चढवला जातो, ही खेदाची बाब आहे, कारण चुन्यातून सहज बाहेर पडणारी ओल सिमेंटमागे कोंडते, आतली माती भुसभुशीत होऊन बोटाने उकरता येते आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता अधिक वेगाने आत आणते. म्हणून पोपडे धरलेला सिमेंटचा थर जपून उतरवून पुन्हा चुन्याचाच गिलावा करणे, हे वातानुकूलन यंत्र बसवण्याआधीचे काम ठरते. कौले काढून स्लॅब टाकलेल्या भागात मात्र उष्णता वरून उतरते, आणि तेथे गच्चीला चुन्याची सफेदी दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. सुमारे ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, सुमारे ३० वॅटचा पंखा लावल्यास विजेची निम्म्याहून अधिक बचत होते. मधल्या चौकावर पत्रा घालणे टाळावे, कारण खोल्यांतील तापलेली हवा त्याच उघड्या चौकातून वर निघून जाते.