कांद्यातलं औषध यकृतापर्यंत पोचतं का?

यकृताच्या वजनात ५ टक्क्यांहून जास्त चरबी साठली की 'फॅटी लिव्हर' म्हणतात. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने या विकाराचा समावेश राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात केला.

उपचारांच्या शोधात संशोधकांची नजर वनस्पतींतल्या फ्लेव्होनॉइड्सकडे वळली आहे. कांद्यातलं क्वेरसेटिन, संत्र्या-मोसंबीतलं हेस्पेरिडिन, ग्रीन टीतली कॅटेचिन्स ही सगळी याच कुळातली. प्राण्यांवरील प्रयोगांत क्वेरसेटिन पेशीतला 'एएमपीके' हा ऊर्जानियंत्रक जागा करतं. नवी चरबी बनणं मंदावतं आणि साठलेली जळू लागते.

मग गोळी का नाही? कारण आतड्यातून ही द्रव्यं फार कमी शोषली जातात, आणि जी शोषली जातात त्यांचं रूप आतडं आणि यकृतच झपाट्याने बदलून टाकतं. शिवाय, मलेशियात फॅटी लिव्हरच्या ९९ रुग्णांवर सिलिमरिन या वनस्पतिजन्य द्रव्याची ४८ आठवडे चाचणी झाली. २०१७च्या निष्कर्षांत मुख्य उद्दिष्ट साधलं नव्हतं. यकृतातले व्रण कमी होण्याची चिन्हं मात्र दिसली.

'वनस्पतीचं, म्हणजे निर्धोक' हेही खरं नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या जास्त मात्रेने यकृतालाच इजा झाल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा कांदा, मोसंबी ताटात जरूर असू द्या. पण अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. वजन ७ ते १० टक्के उतरवणं, हा उपाय आजही सर्वांत भरवशाचा.