वाघ मोजायचे कसे?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हणजे सिक्स्टी-नाइन की सेव्हन्टी-नाइन, हे मला अजून थांबून आठवावं लागतं. तरी लेख आकड्यांवरच लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या!

गेल्या दिवाळीत आम्ही घरचे राजस्थानला गेलो होतो. अलवर जिल्ह्यातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात अख्खी सकाळ जिप्सीत धूळ खाल्ली. सांबर दिसलं, नीलगाय दिसली, मोर तर पैशाला पासरी. वाघ मात्र नाही. बाबा वैतागून म्हणाले, "इथे वाघ आहेत हे कशावरून?" गाईडने एका झाडाकडे बोट दाखवलं. खोडाला गुडघ्याच्या उंचीवर एक डबी बांधलेली. कॅमेरा! वाटेच्या पलीकडे अगदी समोर तसाच दुसरा.

बाबांचा तो प्रश्न सरिस्कात एकेकाळी वेळेवर विचारला गेला नाही, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. 2004 च्या गणनेनुसार तिथे 16 ते 18 वाघ होते. 2005 मध्ये शोध घेतला, तपास सीबीआयपर्यंत गेला, आणि हाती आला भोपळा. एकही वाघ शिल्लक नव्हता! चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते. मग कागदावरचे वाघ आले कुठून?

त्या काळी गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. ठशावर काच धरायची, आकार गिरवायचा आणि हा कुठला वाघ ते ओळखायचं. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या चिखलात वेगळा उमटतो, कोरड्या धुळीत वेगळा. गिरवणाऱ्याचा हातही सारखा नसतो. एका वाघाचे दोन झाले तर कळणार कसं? शिवाय उत्तर म्हणून एकच ठाम आकडा यायचा. चूक किती असू शकेल, हे सांगायला त्यात जागाच नव्हती.

आता कॅमेऱ्याचं बघू. समोरून ऊब असलेलं काही हललं की सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. डाव्या अंगाचे पट्टे उजव्यासारखे नसतात, म्हणून दोन्ही बाजूंना कॅमेरा. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्लास कारंथ यांनी 1990 च्या दशकातच ही पद्धत वापरली होती.

पण सगळेच वाघ कॅमेऱ्यासमोर थोडेच येणार? इथे आपली एम-थ्रीची प्रोबॅबिलिटी कामाला येते. समजा, होस्टेलवरची मांजरं मोजायची आहेत. आज 10 वेगवेगळ्या मांजरांचे फोटो मिळाले. आठवड्याने 8 मांजरांचे मिळाले आणि त्यातली 4 ओळखीची निघाली. म्हणजे दुसऱ्या खेपेची निम्मी मांजरं आधी भेटलेली. याचा अर्थ, पहिल्या खेपेला आपल्याला साधारण निम्मी मांजरं सापडली होती. मग एकूण मांजरं 20 च्या आसपास. मध्ये नवीन मांजर आलेलं नाही, जुनं गेलेलं नाही, हे गृहीत धरून बरं का! वाघांचं गणित याहून बरंच अवघड असतं, पण मूळ कल्पना हीच.

आता गंमत बघा. 2002 मध्ये ठशांवरून देशात 3642 वाघ मोजले गेले. नवीन पद्धतीने 2006 चा अंदाज आला 1411. ओरड झाली, पण खरं चित्र समोर आलं. 2022 चा अंदाज आहे 3682. आकडा जवळजवळ 2002 इतकाच, पण यावेळी तो एकटा येत नाही. कमीत कमी 3167, जास्तीत जास्त 3925, हेही सोबत सांगितलं जातं. मला हा मोकळेपणा फार आवडला.

सरिस्काचं पुढे काय झालं? 2008 मध्ये रणथंबोरहून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने पहिला वाघ आणला. 2012 मध्ये तिथे पुन्हा बछडे दिसले. आज बछडे धरून चाळीसहून जास्त वाघ आहेत.

खरं सांगू? हे वाचताना मला माझी प्रॅक्टिकलची जर्नल आठवली. ग्राफ सरळ यावा म्हणून दोन रीडिंग मी घरी बसून 'दुरुस्त' केली होती. सही मिळाली, मार्क मिळाले, कुणाचं काही बिघडलं नाही. पण उद्या आपली रीडिंग पुलाची असतील, बॉयलरची असतील. सरिस्कात कागदावरचा आकडा छान होता म्हणून जंगलात जाऊन बघायला उशीर झाला.

यंदा माझा एक पॉइंट ग्राफच्या रेषेबाहेर गेलाय. तो मी तसाच ठेवलाय. सर काय म्हणतात बघू!