‘यीलिन’ : ४,०९६ पद्यांचा कौल

• मूळ ग्रंथ ‘यी जिंग’ (ई चिंग), चिनी कौलग्रंथ. सलग वा तुटक अशा सहा आडव्या रेषांच्या ६४ आकृत्या.

• कौल लावायला ५० काड्या. एक बाजूला, ४९ वापरात. पुढे तीन नाणी रूढ झाली.

• कौलात ‘पालटणारी’ (सलगची तुटक वा तुटकची सलग होणारी) रेषा आली, की पहिल्या आकृतीतून दुसरी निघते.

• ‘यीलिन’ म्हणजे ‘पालटांचे वन’. हान राजवटीच्या काळातला हा ग्रंथ परंपरेने ज्याव यानशौ यांच्या नावावर. काही अभ्यासकांच्या मते कर्ता त्सुइ झ्वान.

• ६४ × ६४ = ४,०९६. आकृत्यांच्या प्रत्येक जोडीला एक पद्य, बहुधा चार ओळींचे. ओळीत चार चिनी अक्षरे.

• फरक : ‘यी जिंग’मध्ये प्रत्येक रेषेचे वचन स्वतंत्र, एकूण ३८४. ‘यीलिन’मध्ये कितीही रेषा पालटोत, पद्य एकच.

• एकही रेषा पालटली नाही, तरी त्या आकृतीचे स्वतःचे पद्य आहेच.