हेड गॅस्केट उडालं, की आजार दुसराच?

कोकणातून जांभा चिरा भरून करूळचा किंवा फोंड्याचा घाट चढणारे आणि गळीत हंगामात फडातून कारखान्याच्या काट्यापर्यंत ऊस ओढणारे जुने ट्रक कोल्हापूर जिल्ह्यात अजून भरपूर आहेत. अशी गाडी चढाला तापली, रेडिएटरमधून पाणी उसळलं, की निकाल ठरलेला असतो : "हेड गॅस्केट गेलं." हेड उतरतं, नवं गॅस्केट पडतं, ऐन हंगामात गाडी उभी राहते. आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत तीच गाडी त्याच चढाला पुन्हा तापते. गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. ते कशाने गेलं, मुळात गेलंच आहे का, हे तपासायचं राहून जातं आणि मालकाचा पैसा तिथेच बुडतो.

जुन्या टाटा ट्रकांतलं 697 इंजिन घ्या. नावातच त्याचं माप आहे : सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेलं हे पातळ गॅस्केट जळता वायू, पाणी आणि ऑइल यांना एकमेकांपासून अलग ठेवतं. ट्रकच्या टायरमध्ये साधारण सात-आठ बार हवा असते. डिझेल इंजिनात जळण होताना सिलिंडरमधला दाब त्याच्या आठ-दहा पट चढतो, आणि तो दर ठोक्याला अडवायचं काम या पत्र्याचं असतं.

"पांढरा धूर आला म्हणजे गॅस्केट गेलंच"

थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी सुरू केली की जुनं डिझेल इंजिन पांढरा धूर सोडतंच. तो बहुतेक वेळा न जळलेल्या डिझेलचा असतो. नोझल ठिबकत असेल, पंपाचं टायमिंग मागे पडलं असेल किंवा कॉम्प्रेशन कमी झालं असेल, तर तो जास्त दिसतो. त्याला डिझेलचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात आणि इंजिन तापलं की तो विरळ होतो. गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये जात असेल तर इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही वाफ थांबत नाही आणि कुठेही गळती दिसत नसताना रेडिएटरची पातळी रोज खाली जाते. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तरच संशय घ्यावा.

"ऑइल दुधाळ झालं की गॅस्केट, नाहीतर गॅस्केट ठीक"

या समजुतीच्या दोन्ही बाजू चुकीच्या आहेत. ऑइलमध्ये पाणी येण्याच्या वाटा अनेक असतात. ऑइल कूलर आतून फुटलेला असतो, हेडला चीर गेलेली असते, ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरखालचे रबरी रिंग गेलेले असतात. पावसाळ्यात थोडं थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल झाकणाखाली जमणारा पिवळट फेस तर नुसत्या दमटपणाचा असतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल, तर त्या फेसावरून हेड खोलू नये.

उलट गॅस्केट पुरतं गेलेलं असूनही ऑइल काळं-स्वच्छ राहू शकतं. दोन शेजारच्या सिलिंडरांमधली अरुंद पट्टी जळाली तर पाण्याचा आणि ऑइलचा संबंधच येत नाही. गाडी फक्त ओढ सोडते, थरथरते, आणि त्या दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम कमी भरतं. डिझेलचं कॉम्प्रेशन वीस बारच्या वर जातं, त्यामुळे मोटारसायकलच्या गेजने ते मोजता येत नाही. डिझेलचा गेज नोझलच्या जागी लावून सहाही सिलिंडर मोजावेत आणि आकडे कागदावर लिहून शेजारी शेजारी पाहावेत.

"रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, आता शंका कसली?"

ही चाचणी मुळात चांगली आहे. इंजिन थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरायचा, फॅनबेल्ट सोडायचा आणि गाडी थोडा वेळ चालवून पाण्याकडे पाहायचं. बेल्ट सोडल्याने वॉटर पंप थांबतो, त्यामुळे पंपाने ओढलेली हवा बाजूला राहते. पाणी तापायच्या आधीच एकसारखे बुडबुडे येत असतील किंवा झाकण लावल्यावर वरचा होजपाइप लगेच दगडासारखा कडक होत असेल, तर कुठला तरी वायू पाण्यात शिरतो आहे, एवढं नक्की.

पण तो सिलिंडरमधलाच असेल असं नाही. एअर ब्रेकच्या अनेक ट्रकांत कंप्रेसरचं हेडही इंजिनच्या पाण्यावरच थंड होतं. कंप्रेसरचं छोटं गॅस्केट गेलं की दाबाची हवा पाण्यात शिरते, आणि सगळी लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची दिसतात. कंप्रेसरला जाणारी-येणारी पाण्याची नळी काढून तात्पुरती बंद करा आणि काही मिनिटंच इंजिन चालवून बघा. बुडबुडे थांबले तर आजार किरकोळ आहे. जिथे नोझलभोवती तांब्याची स्लीव्ह असते, तिथे ती सुटली तरी हाच प्रकार होतो. खात्रीसाठी रंग बदलणाऱ्या निळ्या द्रावाची चाचणी मिळते. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली की जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड द्रावाचा रंग बदलतो. कंप्रेसरची हवा तो बदलत नाही.

"वॉल काढून टाकला की गाडी थंड राहते"

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. थर्मोस्टॅट वॉल काढल्याने पाणी मोकळं फिरेल असं वाटतं. पण अनेक इंजिनांत हा वॉल उघडताना दुसऱ्या बाजूची बायपास वाट बंद करतो. वॉलच काढला तर ती वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं. भर चढाला, म्हणजे नेमकं गरज असताना, गाडी जास्त तापते. सपाटीला इंजिन पुरेसं गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि लायनर झिजतात. वॉल अडकत असेल तर नवा घाला. उकळत्या पाण्यात धरून तो उघडतो का, हे घरीही पाहता येतं.

रेडिएटरच्या झाकणाबद्दलही हीच बेफिकिरी असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने अर्धा बार दाब धरला तर तेच पाणी 110 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग गेली तर निरोगी इंजिनही घाटात पाणी फेकतं. हेड उतरवण्याआधी झाकण बदलून पाहायला काहीच हरकत नाही.

"रेडिएटरमध्ये हळद टाका, गळती बंद होते"

रेडिएटरच्या बारीक छिद्रात हळद अडकून घरापर्यंत गाडी आणता येते, हे खरं. गॅस्केट जिथे फुटतं, तिथल्या दाबापुढे हळद काय किंवा डबीतली पावडर काय, टिकत नाही. उलट तो लगदा रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो आणि पुढचं तापणं पक्कं करतो. शिरोळसारख्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी भरणाऱ्या गाड्यांच्या नळ्या आधीच क्षाराने आवळलेल्या असतात. तिथे तर हा उपाय करूच नये.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं त्याहून वाईट. बिडाचं हेड तडकतं, बहुधा दोन वॉलच्या बैठकींमधल्या भागात. गाडी बाजूला घ्या, निवू द्या. झाकण गरम असताना उघडू नका, उसळलेल्या पाण्याने तोंड आणि हात गंभीर भाजतात.

"नवं गॅस्केट टाकलं, काम झालं"

खरं काम हेड खाली आल्यावर सुरू होतं. फटीच्या गेजने आणि सरळ पट्टीने हेड लांबीत, रुंदीत आणि तिरकं मोजावं. चालणारी वाकडेपणाची मर्यादा बहुतेक इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. ब्लॉकचा माथाही तसाच मोजावा, त्याकडे कुणी पाहत नाही. हेडची चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून दाबाखाली पाण्यात बुडवून तपासणी करून घ्यावी.

या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. म्हादबा मेस्त्रींसारखे कारागीर घडवणारं हे गाव, इथल्या फाउंड्रीत सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतले जातात, आणि शिवाजी उद्यमनगरात हेड फेसिंग करून देणारी मशीन हाताशी आहेत. एवढं असताना अंदाजाने पॉलिश पेपर घासून हेड बसवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मात्र फेसिंगलाही मर्यादा आहे. जितकं हेड घासाल तितके वॉल आणि नोझलची टोकं पिस्टनजवळ येतात. जाडी किमान मापाखाली गेली असेल तर नवं हेड घ्या, पुन्हा घासू नका.

जुनं गॅस्केट खरवडताना सांभाळा. जुन्या काळच्या गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असायचं. कोरडं खरवडून हवेच्या नळीने उडवलेली ती धूळ फुफ्फुसाचे जीवघेणे आजार देते. ओलं करून काढा, ओल्या फडक्याने पुसा.

बोल्टांच्या भोकांत पाणी-ऑइल राहिलं तर आवळताना दाबाने ब्लॉक फुटू शकतो, म्हणून ती कोरडी करावीत. पान्याला पाइप लावून "हाताच्या अंदाजाने" आवळलेलं हेड एका जागी जास्त तर दुसरीकडे कमी दाबलं जातं आणि कमी दाबलेल्या जागी गॅस्केट जळतं. टॉर्क पाना घ्या, मधल्या बोल्टापासून बाहेरच्या दिशेने, तीन-चार टप्प्यांत आवळा. कोरडं बसवायच्या गॅस्केटला बॉन्ड किंवा ग्रीस फासू नका. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला गाडी चालून बसल्यावर पुन्हा टॉर्क द्यावा लागतो, आणि त्यानंतर टॅपेट परत लावावेच लागतात, कारण हेड किंचित खाली बसल्याने त्यांची फट बदलते.

गाडीमालकांना एकच विनंती आहे. हेड उतरवायला हो म्हणण्याआधी सहा सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, झाकणाची आणि कंप्रेसरची तपासणी मागा. हेड उतरल्यावर हेड-ब्लॉकची सपाटी, उरलेली जाडी आणि दिलेला टॉर्क हे आकडे बिलावर लिहून घ्या. जो मिस्त्री हे आकडे देतो, त्याची मजुरी थोडी जास्त असली तरी गाडी त्याच्याकडेच द्या.