आधी उतार, मग चढ

गड चढताना आपण दमलो, की मागे फिरतो. परतीला उतार असतो. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये नेमके उलटे घडते. हवासुपाई लोकांच्या जुन्या वाटेवरची ब्राइट एंजल पायवाट काठापासून कोलोराडो नदीपर्यंत सुमारे १,३०० मीटर उतरते. खाली येणारी कोरडी हवा वाढत्या दाबामुळे दाबली जाऊन किलोमीटरमागे सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. सायकलचा पंप गरम होतो, तसेच हे. काठावर २८ अंश असले, तर तळाशी ४० च्या आसपास. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, म्हणून तो किती गेला हे आपल्याला कळत नाही. नुसतेच पाणी अतोनात प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतते. म्हणून सोबत खारे खाणे हवे. नदी गाठून त्याच दिवशी परतू नये, हा उद्यान प्रशासनाचा इशारा याचसाठी आहे.