विश्लेषण : दारात खोडद असताना ग्रीन बँकला का जायचे? हौशी रेडिओ खगोलप्रेमींच्या परदेशवारीचे गणित

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावला उजवीकडे वळून खोडदच्या दिशेने निघाले, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मांडवांच्या वर जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जीएमआरटी म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या या ॲन्टेना. जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून अर्ज करतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या अनेक मुलांनी शाळेच्या सहलीत ती पाहिलेली असते. त्यातलीच काही मुले पुढे अभियांत्रिकीला जातात, पत्र्याचा हॉर्न ॲन्टेना आणि संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर घेऊन गच्चीवरून आकाशगंगेतील हायड्रोजनचा संकेत पकडू पाहतात. हा छंद लागला, की एक नाव हमखास कानावर येते : अमेरिकेतील ग्रीन बँक. तिथे हौशी रेडिओ खगोलप्रेमींचे छोटेखानी वार्षिक संमेलन भरते. जावे की न जावे, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

ग्रीन बँकच्या संमेलनात काय असते?

‘सोसायटी ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ ॲस्ट्रॉनॉमर्स’ अर्थात ‘सारा’ ही संस्था १९८१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिचे वार्षिक संमेलन बहुतेक वेळा वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्रीन बँक वेधशाळेत, तिथल्या उन्हाळ्यात होते. म्हणजे आपल्याकडे खरिपाची ऐन गडबड असते तेव्हा. हजारोंची गर्दी, तारांकित पाहुणे, सह्यांसाठी रांगा असे इथे काही नसते. निवृत्त अभियंते, शिक्षक, हॅम रेडिओवाले, काही विद्यार्थी जमतात. घरी बांधलेल्या यंत्रणेवर काय सापडले आणि काय बिघडले, ते एकमेकांना सांगतात. वेधशाळेतील ४० फुटी शैक्षणिक रेडिओ दुर्बीण सहभागींना स्वतः हाताळायला मिळते, हे या संमेलनाचे मोठे आकर्षण.

जागाही तशीच आहे. इथली मुख्य दुर्बीण १०० बाय ११० मीटरची असून, कोणत्याही दिशेला वळवता येणारी ती जगातील सर्वात मोठी रेडिओ दुर्बीण आहे. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधण्याचा पहिला आधुनिक प्रयोग केला तो इथेच. ग्रोट रेबर या हौशी माणसाने १९३७ मध्ये स्वतःच्या अंगणात बांधलेली तबकडी आज याच आवारात उभी आहे. या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांत एक जण हौशी होता, आणि म्हणूनच हौशी मंडळींना ग्रीन बँकचे एवढे अप्रूप.

मग खोडदला काय कमी आहे?

बघण्यापुरते बोलायचे तर काहीच नाही. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, तर उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते आणि त्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रकल्प मांडले जातात. जीएमआरटीने घेतलेली निरीक्षणे साधारण १८ महिन्यांनंतर सर्वांसाठी खुली होतात. ‘रॅड ॲट होम’ हा २०१३ पासून चालणारा नागरिक-विज्ञान उपक्रम अशाच माहितीतून दीर्घिका शोधायला विद्यार्थ्यांना शिकवतो. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. ही हौशी खगोलप्रेमींची देशातील सर्वात जुनी संस्था.

फरक आहे तो हात लावण्याचा. खोडदची दुर्बीण ही संशोधकांची यंत्रणा आहे. शास्त्रीय गुणवत्तेवर प्रस्ताव मंजूर झाला तरच तिच्यावर वेळ मिळतो. ‘माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये हा गोंगाट कुठून येतोय?’ हे विचारायला तिथे कुणी रिकामे बसलेले नसते. ग्रीन बँकच्या संमेलनात जेवणाच्या टेबलावर तोच विषय असतो. छोट्या संमेलनाची किंमत या टेबलासाठी मोजायची असते. व्याख्यानांचे म्हणाल, तर त्यांच्या चित्रफिती नंतर यूट्यूबवर पाहता येतात.

प्रत्यक्ष भेटीने असा काय फरक पडतो?

याचे उत्तर खोडदच्याच इतिहासात आहे. जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे रेडिओ खगोलशास्त्र शिकले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ वापरात नसलेल्या तबकड्या भारताला मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. १९६५ मध्ये त्याच तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या आणि भारतातील पहिली मोठी रेडिओ वेधयंत्रणा तयार झाली.

त्याआधी ऑगस्ट १९६१ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले होते. तिथे परदेशात काम करणारे चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ एकत्र आले : स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन. मायदेशी परतून गट उभारण्याचा प्रस्ताव त्यांनी होमी भाभा आणि इतरांना पाठवला. भाभांनी तो उचलून धरला. पुढे १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली आणि नव्वदच्या दशकात खोडदची. यातले मेनन तेव्हा ज्या अमेरिकी राष्ट्रीय वेधशाळेत होते, तिचे मुख्य ठिकाण ग्रीन बँकच होते. अधिवेशनात त्या आठवड्यात कोणती व्याख्याने झाली, हे आज क्वचितच कुणाला आठवत असेल. चौघांच्या बोलण्यातून मात्र एक अख्खे क्षेत्र उभे राहिले.

अर्थात ते चौघे आधीच त्या विषयात मुरलेले होते. बोलण्यासारखे काही हाताशी असल्याशिवाय टेबलावर बसून उपयोग होत नाही, ही बाब निर्णय घेताना विसरली जाते.

खर्च किती?

मुंबई-वॉशिंग्टन परतीचे विमान तिकीट साधारण लाखाच्या आसपास, सुट्टीच्या हंगामात त्याहून वर जाते. व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर असून, अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. त्यावर प्रवास विमा, राहणे, जेवण. वेधशाळेच्या आवारातील वसतिगृहात स्वस्तात सोय होऊ शकते, पण तिथवर पोहोचणे हाच मोठा खर्च आहे. वॉशिंग्टनच्या विमानतळापासून ग्रीन बँक मोटारीने चार तासांहून दूर, डोंगरात आहे. एसटीसारखी सोय नाही. गाडी भाड्याने घ्यावी लागते आणि चालकाचे वय २५ पेक्षा कमी असेल तर भाडे कंपन्या सहसा जादा आकार लावतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा लागतो. जुन्नर-आंबेगावकरांना त्यासाठी पिंपरी-चिंचवडचे आरटीओ कार्यालय गाठावे लागते. सगळे धरून आठवडाभराची ही वारी दोन ते अडीच लाखांच्या घरात सहज जाते.

याच पैशांची दुसरी बाजू बघा. १४२० मेगाहर्ट्झचा हायड्रोजन संकेत पकडणारी सुरुवातीची यंत्रणा, म्हणजे रिसीव्हर, फिल्टरसह ॲम्प्लिफायर आणि पत्र्याचा हॉर्न, दहा-पंधरा हजारांत उभी राहू शकते. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मित्रांनी मिळून तिकिटाच्या निम्मे पैसे घातले, तरी गच्चीवर बरेच काही उभे राहील.

पैसे पाठवण्याच्या नियमांबद्दल गैरसमज बरेच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा खर्चावर टीसीएस कापला जात नाही. टूर पॅकेज घेतल्यास मात्र वेगळा नियम लागतो. साध्या क्रेडिट कार्डावर चलन बदलाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी असे मिळून साडेतीन-चार टक्के जाऊ शकतात, त्यामुळे फॉरेक्स कार्डाची चौकशी आधी करावी.

शेतकरी कुटुंबातील अर्जदाराची अडचण कुठे होते?

खरी अडचण कागदांची. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेक घरांत आयकर विवरणपत्र भरलेलेच नसते. मुलगा पुण्यात शिकतो, खर्च वडील करणार, आणि वडिलांची कमाई नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या बाजार समितीत होते. हे उत्पन्न खरे असले तरी व्हिसा अधिकाऱ्याला कागदावर दिसावे लागते. बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, दूध संघाची बिले, सातबारा आणि आठ-अ उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि मुख्य म्हणजे किमान सहा महिन्यांचे बँक विवरण हाताशी असलेले बरे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम तीन लाख रुपये आलेले दिसले, तर शंका वाढते. शेतमालाची रक्कम रोखीत घेण्याची सवय इथे महागात पडते.

अमेरिकेच्या पर्यटक-व्यावसायिक व्हिसासाठी मुंबईत प्रत्यक्ष मुलाखत होते. तारखेसाठी अनेकदा काही महिने थांबावे लागते. आयोजकांचे निमंत्रणपत्र या व्हिसासाठी आवश्यक नाही आणि केवळ त्याच्या जोरावर व्हिसा मिळत नाही. तिथला कायदा प्रत्येक पर्यटक अर्जदाराला स्थायिक होण्याच्या हेतूनेच येणारा मानून चालतो. शिक्षण, नोकरी, घर, जमीन यांमुळे आपण परत येणार आहोत, हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. विशी-बाविशीच्या, परदेशी कधी न गेलेल्या तरुणाला हे सर्वात जड जाते. ‘एवढ्या लांब, एवढ्या छोट्या कार्यक्रमाला का?’ हा प्रश्न येणारच. स्वतःच्या ॲन्टेनाची दोन वाक्यांत नीट माहिती देता आली, तर उत्तर आपोआप मिळते.

पासपोर्ट नसेल तर सुरुवात त्यापासून. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये. नारायणगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव यांपैकी ज्या ठाण्याच्या हद्दीत सध्याचा पत्ता असेल, तिथून पोलीस पडताळणी होते. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्यांनी गावचा पत्ता दिला, की फाइल अडकते.

युरोपचा पर्याय सोपा आहे का?

थोडासा. नेदरलँड्समधील डोइंगेलो इथे १९५६ ची २५ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे. आता ती ‘कॅमरास’ या संस्थेचे स्वयंसेवक चालवतात, आणि युरोपातील हौशी रेडिओ खगोलप्रेमींची परिषदही तिथे भरली आहे. शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो, सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. इथे संमेलनाच्या नोंदणीची पावती आणि आयोजकांचे पत्र उपयोगी पडते. शिवाय गाडी चालवायची सक्ती नाही, रेल्वे-बसने बराच पल्ला गाठता येतो.

तिकीट कधी काढावे?

व्हिसा हातात आल्यावर, किंवा रद्द केल्यास पैसे परत मिळणारे असेल तरच आधी. छोटी संमेलने स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. तारीख सरकते, ठिकाण बदलते, करोनाकाळात तर अशी अनेक संमेलने ऑनलाइनच झाली. नोंदणीची रक्कम परत मिळते का, हे आयोजकांना थेट विचारावे. छोट्या संस्थेचा हा फायदा आहे, की उत्तर देणारा माणूस बहुधा कार्यक्रम ठरवणाराच असतो. त्याच ईमेलमध्ये आपले काम मांडायला वेळ मिळेल का, हेही विचारता येते.

आणखी एक. ग्रीन बँकभोवती १९५८ पासून राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र आहे. वेधशाळेजवळ मोबाइलला रेंज नसते आणि मोठ्या दुर्बिणीपाशी फक्त डिझेलची वाहने नेतात, कारण पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीनेही गोंगाट होतो. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि घरच्यांना दोन दिवस फोन लागणार नाही, हे सांगून ठेवावे. जीएमआरटीमुळे रेडिओ गोंगाटावरचे निर्बंध ऐकत मोठे झालेल्या खोडदकरांना याचे नवल वाटणार नाही.

कुणी जावे, कुणी थांबावे?

ज्याच्याकडे स्वतःच्या यंत्रणेवर घेतलेल्या काही महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यात न सुटलेला एखादा प्रश्न आहे आणि तो कुणाला विचारायचा हेही ठाऊक आहे, त्याने जाण्याचा विचार जरूर करावा. घरावर कर्ज न चढता पैसे उभे राहत असतील तर पुढच्याच वर्षी. ज्याने अजून ॲन्टेना बांधलेला नाही, त्याला ग्रीन बँकला छायाचित्रांपलीकडे फारसे मिळणार नाही. त्याच्यासाठी खोडदचे २८ फेब्रुवारीचे प्रदर्शन जवळ आहे. त्यात प्रकल्प मांडायचा असेल तर शाळा-महाविद्यालयामार्फत आधी नोंदणी करावी लागते, त्यामुळे यंत्रणेचे काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेले बरे.